आगटीची परवानगी

तिसरी शिफ्ट करून भीमराज नळाच्या अर्जासाठी नगरपालिकेच्या रांगेत उभा राहिला आणि उभ्याउभ्याच पेंगू लागला. पुढच्या म्हाताराम्हातारीच्या बोलण्याने त्याला जाग आली.

"अवं, आज चौथी खेप. हुरडा काय कचेरीसाठी थांबतोय व्हय?"

"गप ऱ्हा, शालन. नियम हाय. उघड्यावर जाळ करायला परवानगी लागती."

भीमराजला राहवेना. "काका, हुरड्याच्या आगटीला कोण परवानगी काढतं? गपचूप पेटवायची."

"गेल्या साली तेच केलं, भाऊ. धूर बघून शेजारच्या कंपनीचा बंब आला."

"मग?"

"आगटी भिजली, कणसं भिजली, थोरला जावई भिजला."

"त्यो अजून आमच्याशी धड बोलत न्हाई," म्हातारी म्हणाली.

"यंदा कणसं कशी आहेत?"

"पयल्या खेपेला कवळी हुती. आता टणक झाली."

"मग आता रांगेत कशाला थांबलाय?"

"लेकी उद्या येत्यात. दाणा टणक निघाला तर निघू दे. आगटीभवती बसत्याल तरी."

खिडकी आली. कारकुनाने मान वर न करता अर्ज ओढून घेतला.

"जाळ कुठं करणार?"

"आकुर्डीला, रानात."

"जागेचा मालक कोण?"

म्हातारीने उगाच पदर सारखा केला. म्हातारा खिडकीकडे झुकला.

"रान कंपनीनं घेतलंय, सायेब, पर कुंपण चैतात घालणार हाईत. तवर आमीच."