दर्शनाच्या मापाची होडी

तुम्ही मला संशयी म्हणा, पण आधी ऐका. निनादला रविवारी खाडीत गळ टाकायला होडी घ्यायची होती, आणि ती बघायला सारसोळ्याच्या जेट्टीवर त्याने लग्नाच्या बायकोबरोबर, म्हणजे माझ्याबरोबर, दर्शनालाही बोलावलं. दर्शना म्हणजे त्याची शाळेतली मैत्रीण, कोळ्यांच्या घरातली. एक जुनी, अरुंद होडी होती. दर्शनाने तिच्या फळ्या ठोकून आवाज ऐकला, सांध्यांत चाकूचं टोक घालून बघितलं. निनाद शेजारी उकिडवा बसून तिचा शब्द न् शब्द ऐकत होता. मी बोलत असताना हा माणूस फोनसुद्धा खाली ठेवत नाही.

"मस्त हाय रे. घेऊन टाक," ती म्हणाली.

मग मीही ऐटीत होडीत जाऊन बसले. तेवढ्यात काठच्या चिखलातून एक निवटी, ती उड्या मारणारी बारकी मासळी, थेट माझ्या पायावर उडाली आणि मी किंचाळून उभी राहिले. होडी कलली, पाणी आत आलं, ती सावरायला धावलेला निनाद गुडघ्यापर्यंत भिजला.

दर्शना शांतपणे म्हणाली, "नको घेऊ ही. ती बाजूची पसरट घे."

"अगं, आत्ताच मस्त म्हणालीस ना?"

"मस्तच हाय. पन वहिनी अशा दचकनार, तं हिच्यात नाय चालनार. मी बसनार असते तं हीच घे म्हटलं असतं."

आम्ही पसरट घेतली. सासूबाई म्हणतात, बघ, तुझ्या जिवासाठी घेतली त्याने. खरं आहे. पण ती अरुंद होडी अजून जेट्टीवरच आहे, आणि तिला गिऱ्हाईक मिळालं का, हे मी दर रविवारी विचारून येते.