कपाटाचं दुसरं टोक

— नाही नाही, उठू नका. उठता येणारच नाही म्हणा, पण प्रयत्नही करू नका, मोटर कण्हायला लागते. खुर्ची बिघडली नाहीये, अपडेट घेतेय. पडून राहा निवांत. फेस वाळला तर पुन्हा लावीन, त्याचे वेगळे पैसे नाहीत — या दुकानात वेगळे पैसे नसलेली तेवढीच एक गोष्ट राहिलीय. काय झालं माहितीये का, ही खुर्ची घेतली तेव्हा विकणारा म्हणाला, काका, यात सगळं आहे. आणि खरंच होतं. मागे झुकणं, उठून बसणं, मान धरणं, मानेला गार वारा — सगळं. मग एक दिवस गिऱ्हाईक असंच आडवं, तुमच्यासारखं, आणि पडद्यावर आलं, आपला मोफत कालावधी संपला आहे. आता म्हणे मागे झुकणं फुकट, उठून बसणं मासिक योजनेत. मी कंपनीला फोन केला. बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, सर, आमच्या पाहणीनुसार बहुतेक लोकांना झुकायचंच असतं. — हसू नका, वस्तरा आहे हातात.

जुनी होती ना, तिला खाली एक दांडा होता. पायाने दाबला की वर, सोडला की खाली. तेल दिलं की महिनोन्‌महिने तक्रार नाही. मग का काढली? — तेच तर. लोक म्हणायला लागले, जुनाट दिसते. आता बघा, तुम्ही किती आधुनिक आडवे आहात. आणि खुर्चीचं एक सोडा, या केस कापायच्या मशीनचंही तेच. परवा एक डोकं झालं, मशीन बंद केलं, तर मशीननेच मला विचारलं, आपला अनुभव कसा होता. उभा जन्म केस कापतोय, हे मला कोणी विचारलं नव्हतं. वाईट याचं वाटलं की मला क्षणभर बरं वाटलं. — हनुवटी जरा वर. हां.

फोन? नाही, फोनकडे नाही बघत. आरशात बघतोय. फोन आरशाखाली ठेवलाय त्याला मी काय करू. बरं, बघतोय. तुम्ही वाचलं असेल ना ते गेमचं, सरकारचं नवीन धोरण? गेम खेळणाऱ्या प्रत्येकाने आज संध्याकाळच्या आत खरं नाव लावायचं. ओळखपत्र दाखवायचं, कॅमेऱ्याला तोंड दाखवायचं, डोळे मिटायचे, उघडायचे, की टोपणनाव जाऊन तिथे सरकारी नाव, अख्खं, वडिलांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावासकट. नाही लावलं तर खातं बंद. का, तर मुलं बिघडतात. असतील बिघडत, मी नाही म्हणत नाही. पण मुलांनी काय केलं — घरातल्या आजोबांची तोंडं दाखवली. झालं. आता सगळ्या गल्लीत आजोबांच्या नावावर बंदुका चालतायत. समोरच्या चष्मेवाल्याचे वडील, बिचारे अंथरुणाला खिळलेत, कूस बदलायची तर दोन माणसं लागतात, त्यांनी काल म्हणे एक अख्खं बेट ताब्यात घेतलं. आणि बातम्यांत काय, तर धोरण यशस्वी, खेळणाऱ्यांत आता एकही मूल दिसत नाही. कसं दिसेल?

तुमच्या गळ्यात पट्टा बघितला मघाशी, ओळखपत्राचा. सरकारी ना? — नाही, काही नाही, सहज. मान हलवू नका. — कुठल्या खात्यात? मत्स्य. म्हणजे मासे. मग जाऊ द्या. नाही, मला वाटलं मुदत वगैरे वाढवून मिळते का विचारावं. माझ्यासाठी नाही हो, मी कशाला खेळू या वयात. ओळखीचा आहे एक.

त्याचं काय आहे, तो जो गेम खेळतो ना — सांगितला तर हसाल, म्हणून वस्तरा बाजूला घेतो. सामान वाहायचं. कपाट असतं, किंवा फ्रीज, किंवा सोफा, आणि उंच इमारत, लिफ्ट बंद. एकाने वरचं टोक धरायचं, दुसऱ्याने खालचं, आणि जिना चढायचा. बस. कोणी मरत नाही, राक्षस नाही, काही नाही. कपाट भिंतीला घासलं की गुण कापतात. दिवसभर कामावर राबून आलेली माणसं घरी येऊन ही हमाली करतात, आणि कंपनीला वरून पैसे देतात. हातमोजे हवेत, पैसे. जिन्यात उजेड हवा, पैसे. मी ऐकलं तेव्हा हसलो होतो. म्हणजे तो. ओळखीचा. तोही हसला होता.

त्याचा मुलगा खेळायचा हे, घरी होता तेव्हा. मग मुलाने सांगितलं, मी दुकान नाही चालवणार, दुसऱ्या शहरात नोकरी मिळालीय. — भांडण? छे. भांडण झालं असतं तर मिटलं नसतं का? तो म्हणाला, जातो मी. मी म्हणालो, बरं. तो म्हणाला, बरं मग. त्यानंतर त्याला वाटलं असणार मी फोन करीन, मला वाटलं तो करील, आणि असं वाटण्यात इतके दिवस गेले की आता करायचा म्हटलं तर काहीतरी कारण पाहिजे. उगाच कसा करायचा? कोणी गेलंय असंच वाटेल त्याला. — हो, मी. मीच म्हणालो ‘मी’. ओळखीचा म्हणजे काय, माझी माझ्याशी ओळख आहेच की.

आता ऐकलंयत तर पुढचंही ऐका, तसेही तुम्ही कुठे जाऊ शकत नाही. एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. म्हटलं बघू तरी काय आहे हा गेम. फोनवर घेतला. त्यात सुरुवातीला एक यादी येते, कोण कोण जोडीदाराची वाट बघत उभं आहे त्यांची. नावं एकेक अशी — यमदूत, वादळ, काळा वाघ, आणि हे सगळे फ्रीज चढवायला आलेले. आणि त्यांच्यात एक ‘उंदीर’. आमच्या मुलाला आम्ही घरात उंदीर म्हणायचो, डब्यांतलं काही शिल्लक ठेवायचा नाही म्हणून. घरातल्या तिघांपलीकडे हे कोणाला माहीत नाही, तो मोठा झाल्यावर तर चिडायचा, म्हणून आम्हीही सोडलं होतं. आणि आता स्वतः लावून उभा. मला गेमने नाव दिलं ‘पाहुणा’, पुढे आकडे. मी तेच ठेवलं. बदलायचे पैसे पडतात, आणि खोटं सांगत नाही, पाहुणाच बरा वाटला. पाहुण्याला कोणी जा म्हणत नाही.

तेव्हापासून रोज. दुपारी गिऱ्हाईक नसतं, वर्ष होत आलं आता. — बोलणं कसलं, बोलता येतच नाही. लिहून बोलायचं तर मासिक योजना. फुकटवाल्यांना तयार शब्द देतात, त्यांचं बटण दाबायचं. उचल. थांब. हळू. डावीकडे. दमलो. एवढेच. योजना घेता आली असती हो, या खुर्चीवर घालवतोच की. पण लिहायला मिळालं असतं तर मी काहीतरी लिहिलं असतं. आणि मी काय लिहिलं असतं ते मला माहितीये. त्यापेक्षा हे बरं. ‘हळू’मध्ये चुकायला जागा नाही.

पण स्वभाव कळतो, शब्द नसले तरी. मी वळणावर अडकलो तर उंदीर वरून ओढत नाही, थांबतो. एकदा मी जिन्यात असताना गिऱ्हाईक आलं, फोन तसाच इथे ठेवला. त्याचे केस, दाढी, वर मालिश, वर त्याच्या भावजयीची तक्रार. परत येऊन बघतो तर उंदीर तिथेच उभा, कपाटाचं टोक धरून. सोडून दिलं नव्हतं. पूर्वी असा नव्हता हो, पूर्वी जेवायला हाक मारली तर ‘आलो’ म्हणून यायचाच नाही. म्हटलं, बाहेर राहून सुधारला. — नाही, बायकोला नाही सांगितलं. तिने त्याचं नाव काढणंच सोडलंय, उगाच तिला कशाला आशा लावायची. ती बिचारी दुपारची झोपते. मध्येच कधी फोन केला तर म्हणते, अहो, डोळा लागला होता.

तर आता आजचं हे. मी नाव लावलं की त्याला कळणार, खालच्या टोकाला बाप आहे. मग तो कशाला धरून बसतोय? आणि नाही लावलं तर खातं बंद, पाहुणा गेला. म्हणून सकाळपासून थांबलोय. त्याने आधी लावावं. निदान एकदा वाचायला मिळेल — त्याचं नाव, आणि त्याच्या मागे माझं नाव. तेवढं बघून मग जे व्हायचं ते होऊ दे. — गाल आत घ्या. नाही, फुगवा. माझंच लक्ष नाहीये.

थांबा. वाजलं काहीतरी. खुर्ची का फोन? फोन.

लावलं त्याने. उंदीर गेला, नाव आलं. हे बघा, मधलं नाव — माझं. आडनाव माझं. बरोबर आहे. आणि पहिलं...

एक मिनिट. चष्मा पुसतो.

पहिलं नाव आमच्या हिचं आहे.

— नाही, दुसऱ्या कोणाचं कसं असेल, तिचं नाव, माझं नाव, आमचं आडनाव. फोटोही आहे. डोळे मिटलेले. सरकारला डोळे मिटून दाखवायला सांगतात ना, तोच लावलाय. ही आमची बायको आहे. मीच तिचा नवरा.

डोळा लागला होता म्हणते. म्हणजे ती... तिने नाव मुद्दाम तेच घेतलं असणार. उंदीर. मुलगा हा गेम खेळतो हे तिलाही माहीत, त्याने कुठेतरी ते नाव बघावं आणि यावं म्हणून. तुमच्या खात्यात काय म्हणतात त्याला, गळ. गळ टाकून बसली होती मुलगा लागेल म्हणून, आणि लागलो मी. रोज दुपारी बरोबर तिच्याकडेच येणारा, गुपचूप, नाव न लावणारा पाहुणा. दुसरा कोण असणार, तिला वाटलं. आणि रात्री आम्ही दोघं समोरासमोर जेवतो. हल्ली तिचा चेहरा बरा दिसायचा. मला वाटायचं गोळ्या लागू पडल्या. तिला माझ्याबद्दल काय वाटत असेल कोण जाणे, मला तर गोळ्याही चालू नाहीत.

— हां, आली बघा खुर्ची वर. धन्यवाद म्हणतेय तुम्हाला, लक्ष देऊ नका. बसा. बसून राहा जरा.

तिने नाव लावलं, म्हणजे तिने मनाची तयारी केली. की सांगून टाकू, आई आहे. माझ्याने सकाळपासून झालं नाही ते तिने केलं. आणि आता ती फोन हातात घेऊन बसली असणार, पाहुण्याचं नाव कधी येतंय बघत. हा हिरवा ठिपका तिचाच. कालचं कपाट अर्ध्यावर आहे आमचं, जिन्यात उभी आहे ती. आता मी माझं नाव लावलं, तर तिचा मुलगा जातो. नाही लावलं, खातं बंद झालं, तरी मुलगा जातो, आणि तिला वाटणार आईचं नाव बघून पळाला. हे तर फार वाईट. मग लावावं तर तिला नवरा मिळतो. नवरा तिच्याकडे आहे हो एक. त्याचा काही तुटवडा नाही तिला.



एक सांगा, तुम्ही नियम वाचणारे लोक. पाहुण्याच्या खात्याला तोंड लागतं. पण ते मी उघडलं म्हणून माझंच लागतं, असं कुठे लिहिलंय? आजोबांचं चालतंय, मग मुलाचं का नाही चालणार? — बेकायदेशीर. असेल. तुम्ही मासे बघा. त्याने हे खातं तिकडे त्याच्या फोनवर उघडून त्याचं तोंड दाखवलं, डोळे मिटले, उघडले, की पाहुण्याच्या जागी त्याचं नाव. तिला हवं तेच नाव. मग माझं टोक त्याने धरायचं आणि पुढचे मजले त्याने चढायचे. मी? मी काय, मी उतरतो. दुपारी झोपत जाईन.

पण त्यासाठी त्याला फोन करावा लागणार.

कारण पाहिजे होतं ना, घ्या. हे असं कारण. आज इतक्या दिवसांनी फोन करून काय सांगायचं, तर तू वर्षभर रोज आईबरोबर सामान वाहतोयस, फक्त तुला कोणी कळवलं नाही. मी असतो तर ठेवला असता फोन. — वाजतोय. उचलणार नाही तो. कामावर असेल. नाही उचलत. तुम्ही उठा आता, सरळ उतरा, पाय आधी. डावी बाजू राहिलीय तुमची, उद्या या, नाहीतर राहू द्या, मासे काही म्हणणार नाहीत. पैसे नकोत. तो टॉवेल तसाच —

हॅलो.

हं. मीच. — नाही रे, कोणी गेलं नाही. — आई बरी आहे. जिन्यात उभी आहे. — सांगतो. थांब, ठेवू नकोस, सांगतो सगळं. — साहेब, दार ओढून घ्या बाहेरून.