साडूचं नाव काय?

मंडळी, ऐका! देवाचं नाव रोज घेता. पण दारात आलेल्या माणसाचं? त्याचं नाव विचारता का? — माना डोलवू नका, उत्तर द्या!

शेजारच्या गावाला स्टेडियम झालं. वर्ल्ड कपची मॅच आली आणि हॉटेलं तुडुंब! घराघरात खोल्या भाड्यानं! आमच्या गुलाबराव ढमढेऱ्यांनीही माडी दिली. गाडी घेऊन आलेल्या एकट्याच माणसाला. त्याचा नंबर मोबाईलमध्ये ठेवला — ‘मॅचवाला’ म्हणून!

पोलीस पाटील रंगूतात्या दारात आले. “गुलाबराव, ठाण्याचा हुकूम आहे. मॅचपुरता भाडेकरू ठेवला तरी त्याचं नाव, गाव, घरचा फोन कळवायचा. माडीवर कोण?”

गुलाबरावांच्या डोक्यात चक्र फिरलं — नाव दिलं की परवानगी आली, तपासणी आली, कर आला!

“भाडेकरू कुठला तात्या? साडू आहे माझा! सख्खा!”

मंडळी, गुलाबरावांची हौसाबाई एकुलती एक! बायकोला बहीण नाही, आणि ह्यांना साडू!

हसा, हसून घ्या. पुढं हसू येणार नाही.

मॅचच्या दुपारी, माणूस स्टेडियमला निघायच्या वेळेला, माडीवर धप्प! गुलाबराव म्हणाले, “मॅचच्या आधीच सिक्सर बसला वाटतं!” वर जाऊन बघतात तर — माणूस जमिनीवर. तोंड वाकडं. एक डोळा गुलाबरावांकडं लागलेला. बोलायचंय, पण शब्द फुटेना!

तात्यांच्या जीपमधून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई धावत आल्या.

“नाव काय पेशंटचं?”

“साडू.”

“अहो, नाव! वय? घरचं कुणी?”

गुलाबरावांनी त्या माणसाचा मोबाईल दाबून बघितला — कुलूप!

“बरं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? लवकर! मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्यायचंय.”

तात्या बघतायत. आणि गुलाबरावांच्या तोंडातून निघून गेलं — “न्हाई! कसली गोळी न्हाई!”

सिस्टरनं इंजेक्शन भरलं. सुई निघाली हाताकडं... आणि तो डोळा! अजून गुलाबरावांकडंच!

“थांबा! थांबा बाई! मला म्हाईत न्हाई! साडू न्हाई तो माझा, भाडेकरू हाय! नावसुद्धा विचारलं न्हाई!”

तात्या ओरडले, “घरी फोन लाव, दारातल्या त्याच्या गाडीचा नंबर विचार!” नंबर ठाण्यात गेला, ठाण्यानं घर शोधलं. फोनवर त्याची बायको — “रक्त पातळ करायची? रोज घेतात हो! हृदयासाठी!”

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन बाजूला ठेवलं. “हे गेलं असतं ना, तर डोक्यात रक्तस्राव झाला असता.”

गुलाबराव खाली बसले.

दुसरा उपाय झाला, माणूस वाचला. सकाळी त्याची बायको आली, हात जोडून म्हणाली, “तुम्ही ह्यांचे कोण?”

मंडळी, पोलिसापुढं फडाफडा नातं सांगणारा माणूस! त्या माउलीपुढं त्यानं डोक्यावरची टोपी काढली. गुलाबराव म्हणाले, “ताई, ह्यांचं नाव काय?”

परवा पुन्हा मॅच आहे. वरच्या आळीत दिवे लागलेत, अनोळखी गाड्या उभ्या आहेत. तिसऱ्या ओळीतले काका, खाली काय बघता? तुमच्या माडीवर आत्ता कोण झोपलंय?

मामेभाऊ?

बरं. नाव काय त्याचं?