सगळ्यात जास्त ऊन

नारीन शहराच्या वीज कचेरीत असानकुल सौर पॅनलची तक्रार घेऊन रांगेत उभा होता. त्याच्या पुढची सेइलकान आपा खिडकीतल्या मुलीवर तीच तक्रार घेऊन तुटून पडली होती.

"कुरणावर तंबू ठोकला तेव्हा छान चालायचं गं. ऊन वाढलं आणि मेलं झोपलं!"

"ऊन वाढलं की वीज वाढायला हवी, आपा. सावली पडते का कशाची?"

"तिथं झाड तरी आहे का? नुसते माझे कुरुतचे गोळे."

"पॅनलवर चक्क्याचे गोळे वाळत घालता?"

"मग कुठे घालू? खाली कुत्री, तंबूवर धूर. तुमचाच माणूस म्हणाला, सगळ्यात जास्त ऊन इथंच लागतं!"

"अहो, ते विजेसाठी! गोळे काढा, वीज येईल."

"काढू? परवा लेकाचा मॉस्कोहून फोन आला. म्हणाला, 'आई, इथं सगळं मिळतं, फक्त तुझं कुरुत...' आणि फोन बंद पडला. चार्जिंगच नव्हतं."

"म्हणूनच सांगतेय, काढा!"

"पोरगं तिकडून कुरुत मागतंय आणि मी काढून ठेवू?"

"मग मी काय करू?"

"दुसरं पॅनल दे. एकावर त्याचं कुरुत, एकावर त्याचा फोन."

मुलीने कपाळाला हात लावला आणि आपाच्या मागे उभ्या असानकुलकडे पाहिलं.

"तुमची काय तक्रार?"

"काही नाही," असानकुल म्हणाला. "आधी बायकोला विचारून येतो."