श्री लावलेली फाइल

—तर मग विश्वास ठेवायचा कुणावर, तूच सांग कल्पिता, ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं त्याच्यावर, की ज्याच्या दुकानात ते बंद पडलं त्याच्यावर? तुमच्या कंपनीनं तुला मरोळपर्यंत धाडलं, भीमराजला नोकरी द्यायचीय, जुन्या मालकाला विचारून ये म्हणून — बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे. पण जुना मालक कसला आहे, ते कुणी विचारत नाही. बस ना, त्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर बस, मशीनचे पट्टे आहेत, दबत नाहीत. मॅडम-बिडम नाही म्हणत हां तुला, आमची मुलगी श्रुतिका तुझ्याच वयाची. चहा सांगितलाय.

मी दहावी नापास — तुझ्या त्या फॉर्मात तसा रकाना आहे का? नाही ना, मग राहू दे. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तेव्हा फुटपाथवर जुने पट्टे विकायला बसले, त्यातून हे पट्ट्यांचं नि बेअरिंगचं दुकान झालं. आणि कॉम्प्युटर मी बघून बघून शिकलो. भीमराज वर पोटमाळ्यावर काम करायचा, मी मागे उभा राहून वहीत उतरवून घ्यायचो. त्यानं एकदा समजावलं — शेठ, काउंटरवरचा प्रोग्राम वेगळा, स्टॉक सांगणारा वेगळा, दोघं त्या जावाच्या सर्व्हरवर राहतात. काउंटरवाला नाव घेऊन हाक मारतो, स्टॉकवाला ओ देतो. मी म्हटलं, म्हणजे आमचा सहदेवच की. मी इथून ओरडतो, रॅक सात, खण तीन, आणि तो गोडाऊनमधून माल आणतो. रॅकची पाटी कुणी बदलली तर माल जागच्या जागी असतो आणि सहदेव हात हलवत परत येतो. भीमराज म्हणाला, शेठ, अगदी हेच. एवढं कळलं होतं बघ मला. कळून उपयोग काय झाला, ते ऐक.

मागच्या दसऱ्याला त्यानं स्टॉकची नवी फाइल मेलवर पाठवली. वाकोल्याला तापानं पडलेला, म्हणाला, दोन दिवस थांबा, मी येऊन टाकतो. मी कसला थांबतोय? मुहूर्त आहे, वहीत सगळं लिहिलेलं आहे. आता आमच्याकडे पद्धत अशी, नवीन काहीही असो, सुरुवातीला श्री. वहीवर श्री, खोक्यावर श्री, गॅसच्या कार्डावरसुद्धा मी श्री लिहून ठेवलंय. तर फाइलीच्या नावापुढेही लावलं. रुक्मिणीनं — माझी बायको — कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू वाहिलं, मी जुनी फाइल काढून ही सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकली, आणि बाजूला लगेच सर्व्हरची ती छोटी फाइल उगवली, डिप्लॉय झालं, म्हणजे नवीन फाइल बसली म्हणून सांगणारी. पेढे वाटले मी. आजूबाजूच्या सगळ्या गाळ्यांना.

पेढे संपायच्या आत काउंटरवर लाल अक्षरं — नाव सापडत नाही. गिऱ्हाईक उभं, बेअरिंग मागे रॅकवर पडलेलं, आणि स्क्रीन म्हणते स्टॉक नावाचं इथं कुणी राहतच नाही. मग आमची विद्वत्ता सुरू झाली. सर्व्हर बंद-चालू — सात वेळा. जुन्या लायब्ररीच्या फाइली आणून कोंबल्या. जावा नवीन टाकला, मग परत जुना. पंखा पुसला, आता पंख्याचा काय संबंध, पण पुसला. शेवटी भीमराजला फोन. त्यानं तापातसुद्धा पहिलाच प्रश्न विचारला — शेठ, फाइल जशीच्या तशी टाकली ना, हात नाही ना लावला? मी म्हटलं, नाही बा. आणि खोटं नव्हतो बोलत गं. श्री लावणं म्हणजे हात लावणं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि दोन दिवस बिचारा आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसला.

तिसऱ्या दिवशी आला. मफलर गुंडाळलेला, म्हणाला, लॉग बघतो, म्हणजे सर्व्हर स्वतःची नोंद ठेवतो ती. पोटमाळ्याच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता, आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर — काय बोललो ते लिहू नकोस. म्हणजे, लिही. इंजिनीअर म्हणवतोस आणि साधं नाव सापडत नाही तुझ्या सॉफ्टवेअरला, असं म्हटलं. तो उतरला, पोटमाळ्याची किल्ली इथे, ह्या काचेवर ठेवली, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, मीच लॉग वरपासून वाचायला घेतला. तर सर्व्हरनं स्टॉकवाल्याची सगळी नावं सरळ मांडून ठेवलेली, आणि एकूण एक नावापुढे श्री. फाइलीचं नाव तेच तो पत्ता म्हणून धरतो. काउंटरवाला जुन्या पत्त्यावर हाक मारतोय, स्टॉकवाला श्री लावून नव्या घरात ऐटीत बसलेला. श्री काढलं, फाइल परत टाकली — झकास चालू. बायको म्हणाली, आधी त्या पोराला फोन करा. मी म्हटलं, करतो.

मग? मग काय, ह्या अख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटभर सांगितलं, इंजिनीअरला नाही जमलं ते दत्तारामनं केलं. तेव्हापासून लोक लॅपटॉप घेऊन येतात माझ्याकडे. परवा एकानं मिक्सर आणला. सात महिने झाले, हसतात ते माझ्याबरोबर, आणि मी... मध्ये एक फोन आला होता, तुझ्यासारखाच, सांताक्रूझच्या कुठल्याशा ऑफिसातून. मी सांगितलं, मुलगा बरा आहे, काम जरा कच्चं. एकच फोन. नाही, दोन आले.

पेन का थांबलं? त्याचं काम पक्कं आहे, अजून चालतंय, हा काय समोर चालतोय. कच्चं कोण होतं ते आता ऐकलंस ना. चहा राहू दे, तो चहावाला उशीरच करतो, गिऱ्हाईक खोळंबलंय, तू निघ. आणि हे बघ, कुणाची चूक कुणाच्या नावावर पडलीय, तो हिशेब खरा मांड. माझं नाव वडिलांच्या नावासकट लिही, दत्ताराम धोंडू — पुढे श्री लावू नकोस.