पंपावरचा आकडा

सदर भागातल्या छातीच्या दवाखान्यात आपल्या नंबरची वाट पाहत बसलेल्या यमुताईंचे कान शेजारच्या बाकाकडे लागले. डॉक्टरांच्या खोलीतून नुकतंच बाहेर आलेलं एक जोडपं तिथं टेकलं होतं, आणि बाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता.

“ऐकलं ना जी? म्हणे, तुमच्या श्वासनळीची सूज स्टेरॉइडले दादच देत नाही. दोन वर्षं दम्याचा पंप ओढला, गोळ्या गिळल्या, थोबाड फुगलं, शुगर चढली, अन् आता म्हणते, वेगळं इंजेक्शन घ्या!”

“आता तपासलं, तवा समजलं त्याले.”

“अन् इतके दिवस काय झोपा काढून राहिला होता? नुसता डोस वाढवे. मोठा आला डिग्रीवाला!”

“मी औषध घेतच नाही, असं वाटे त्याले.”

“काहून वाटावं असं?”

“तूच तं सांगे वं त्याले, दर खेपेले.”

“मंग? दम काही कमी होत नव्हता. मले काय सपन पडते?”

“पंपावरचा उरलेल्या डोसचा आकडा तं रोज पाहे तू. बराबर उतरत होता ना?”

“मले वाटे, हवेत फुसफुस करून उतरवता.”

“चाल, घरी जाऊ.”

“बसा चुपचाप. मी डॉक्टरकडून कागदावर लिहून आणते, का हा माणूस औषध घेत होता म्हणून.”

“कोणाले दाखवाचं हाय?”

“मनीषनगरपासून हिंगण्यापर्यंत साऱ्या सोयऱ्याइले सांगून बसली ना मी, का तुमी औषध घ्याची नाटकं करता.”