गायधनी साहेबांचं नाक

मंडळी, टाळ खाली ठेवा आणि मन इकडं द्या! आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. देव प्रत्येकाला काहीतरी देतो. कुणाला गळा देतो, कुणाला नजर, कुणाच्या हाताला चव. माणूस त्याच्यावर नाव कमावतो, मान कमावतो. आणि एक दिवस — न विचारता, न सांगता — देव ते परत घेऊन जातो! मग माणसानं काय करावं? चारचौघांत सांगून टाकावं, का झाकून ठेवावं?

"सांगावं, सांगावं!" — बघा कशा माना डोलल्या! तात्या, तुम्हीही डोलावली? मग कानाचं यंत्र घरी पेटीत ठेवून पुढच्या ओळीत का बसलाय? — हसू नका! त्यांना ऐकू आलं नाही म्हणून ते पण हसतायत!

मंडळी, सांगणं फार अवघड असतं. किती अवघड, ते ऐका.

आजचं आख्यान वाईनचं आहे! हां, हां — माळकऱ्यांनो, कानांवर हात ठेवू नका. ऐकल्यानं चढत नाही! आणि या आख्यानात एक माळकरीण बाई आहे. तिनं थेंबसुद्धा न घेता वाईनची लाज राखली. मृदंगवाले बुवा आत्ता सावरून बसले!

तर नाशकात श्रीनिवास गायधनी म्हणून एक गृहस्थ. एका मोठ्या कारखान्यात वाईन चाखायचं काम. अहो, खरंच! असं काम असतं. पण लगेच अर्ज लिहायला बसू नका — कारण ते घोट घेतात, तोंडात खेळवतात आणि थुंकतात! सगळं काम नाकाचं. पेला हलवायचा, नाक खाली घालायचं आणि सांगायचं — द्राक्ष कुठल्या उतारावरचं, पिंपात किती महिने राहिलं, कुठं काय बिघडलं. तीस वर्षं त्यांनी ते केलं. नाक म्हणजे काय नाक! लोक म्हणायचे, साहेबांनी हुंगलं म्हणजे शिक्का बसला.

निवृत्त झाले. पण दिंडोरीच्या बाजूला घरोघरी वाईन करणारी छोटी-छोटी कुटुंबं आहेत. बागेतच शेड, दोन टाक्या, चार पिंपं, आणि सगळं घर राबतंय. ती माणसं साहेबांना बोलवायची. साहेब जायचे. एक पैसा घ्यायचे नाहीत. बरोबर त्यांच्या पत्नी, वत्सलाबाई. गळ्यात तुळशीची माळ. नवरा पिंपांच्या खोलीत, आणि बाई दाराशी उभ्या. किंवा घरातल्या बायकांबरोबर मेथी निवडत. असा त्यांचा जोडा.

आणि एका वैशाखात साहेबांना ताप आला. साधा ताप! सर्दी झाली. सर्दी गेली — आणि जाताना वास घेऊन गेली!

उदबत्तीचा नाही. कांद्याचा नाही. काही म्हणता काहीच नाही! डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, नाही पण येणार. साहेबांनी कुणाला सांगितलं? कुणालाही नाही. बायकोलाही नाही! माणूस एरवी दाढ दुखली तरी घर डोक्यावर घेतो, पण ज्याच्यावर आपलं नाव उभं आहे ते गेलं, की तोंडाला कुलूप!

दिवाळी झाली. बोलावणी सुरू झाली. नाही कसं म्हणायचं? साहेब निघाले. आणि मंडळी, तीस वर्षांचा अनुभव हो! रंग उजेडात धरून बघायचा. विचारायचं — "पिंपात किती महिने?" — की झालं. कसा वास असायला हवा ते पाठ! पेल्यात नाक घालायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "वा! पिकलेलं जांभूळ… मागनं जरासं मिरं." समोरचे खूश! असं एकाकडं झालं, दुसऱ्याकडं झालं, दहाजणांकडं झालं. वाईन बऱ्या होत्या, निभावलं.

अकरावं घर निवृत्तीनाना बोरस्त्यांचं.

नाना म्हणजे खायच्या द्राक्षाचा जुना बागायतदार. त्यांची सून योगिता. शिकलेली पोरगी, वाईनचं शिक्षण घेऊन आलेली. ती म्हणाली, "नाना, दोन एकरांत काळं द्राक्ष लावू, आपली रेड वाईन करू." आणि नानांनी, मंडळी, लागती बाग तोडली! सुनेच्या शब्दावर! भावकी हसली. म्हणाली, "नाना सुनेच्या नादानं दारू गाळणार." नाना बागेत राबत राहिले. चार वर्षं गेली. आणि आता घरची पहिली रेड वाईन तयार — दोन स्टीलच्या टाक्या भरून. त्याशिवाय एक लाकडी पिंप मुरत ठेवलेलं. ते पिंप दोन्ही टाक्यांत अर्धं अर्धं मिसळायचं, म्हणजे वाईनला गोलाई येते. मिसळायचं का? एवढं साहेबांनी सांगायचं होतं.

योगितानं काचेच्या नळीनं पिंपातली वाईन काढली. पेला साहेबांच्या हातात दिला. घर गोळा झालेलं. नाना टोपी सारखी करून उभे. योगिता नळी तशीच हातात धरून.

साहेबांनी रंग बघितला. सुरेख! डोळे मिटले. घोट घेतला. जीभ म्हणाली, आंबट आहे. पण रेड वाईन आंबट असतेच! जिभेला पुढचं काही कळेना. आणि समोर ते चेहरे…

साहेब म्हणाले, "उत्तम! जांभूळ आहे, मिरं आहे. बिनधास्त मिसळा!"

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हणाले, "पोरी, जिंकलीस!" आणि योगिता — ती हसली. पण अर्धंच हसली. पेल्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

साहेब आणि बाई गाडीत बसून निघाले. पाच-सात मैल गेल्यावर बाई हळूच म्हणाल्या,

"अहो, त्या पिंपाला वास येत होता."

"कसला?"

"आंबलेला. दारात उभी होते तरी आला."

साहेबांचा आवाज चढला! "वत्सू, जन्मात कधी थेंब घेतलायस? तुला काय कळतं वाईनमधलं?"

"वाईनमधलं काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "पण बरणीतलं लोणचं बिघडलं, तर मला झाकण काढायच्या आधी कळतं."

"तीस वर्षं मी हेच काम —" साहेब बोलायला लागले, आणि मध्येच थांबले. गाडी पाटाच्या कडेला घेतली. बंद केली. समोर पाणी वाहतंय.

मग साहेब म्हणाले, "वत्सू, मला वास येत नाही."

बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? कधीपासनं?"

"गणपतीत दूध करपलं. पातेलं कोळसा झालं, शेजारच्या वहिनी धावत आल्या. आणि तुम्ही ओट्याजवळ पेपर वाचत बसलेले."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज सकाळी देवाची फुलं आणलीत, की माझं लक्ष नाही असं बघून तुम्ही ती नाकाला लावायचात. रोज. आणि परत तबकात ठेवायचात." बाईंचा आवाज जरा ओला झाला. "मला वाटलं, ज्याचं गेलंय त्यानं सांगावं. आपण काय बोलून दाखवायचं?"

मंडळी! कुणी काही म्हणो — मी म्हणतो, संसार तो हा! तीन महिने नवऱ्याचं दुःख त्या बाईनं ओच्यात बांधून ठेवलं. गाठ सुटू दिली नाही!

साहेब स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. पासष्ट वर्षांचा माणूस! बाईंनी पाठीवर हात ठेवला. ठेवला तसाच राहू दिला. मग म्हणाल्या, "पण आज मी पण चुकले. तिथंच बोलायला हवं होतं. तुमचा मान राखला, आणि त्या पोरीची चार वर्षं पाण्यात चाललीत. उठा. गाडी वळवा."

फोन लावला — कुणी उचलेना. कसं उचलतील? तिकडं पंप सुरू झालेला! गाडी वळवली. आणि रस्त्यात काय? मेंढरं! पाचशे मेंढरं, आणि धनगर निवांत! साहेब हॉर्न वाजवतायत. मेंढरांना काय, कीर्तन आणि हॉर्न सारखंच! शेवटी बाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि हुर्र हुर्र करत वाट काढली.

पोहोचले. साहेब चपलांसकट शेडमध्ये धावले. "थांबवा! पंप थांबवा!"

एका टाकीत अर्धं पिंप गेलेलं होतं. नानांच्या मुलानं, किरणनं, नळी उचलून दुसऱ्या टाकीच्या तोंडाशी धरलेली. थांबला तो. पंप बंद झाला.

मंडळी, आता बघा. या घटकेलाही साहेबांना सुटका होती! म्हणता आलं असतं — "मला वाटेत शंका आली, परत तपासू." मान राहिला असता. बायको बाजूला होती, तिनं वास घेऊन कानात सांगितलं असतं. कुणाला काही कळलं नसतं!

साहेबांनी हात जोडले. म्हणाले, "नाना, मी खोटं बोललो. मला सात महिने झाले, वास येत नाही. सकाळी मी तुमची वाईन हुंगली नाही. हुंगल्याचं सोंग केलं. ते पिंप बिघडलेलं आहे."

आणि योगिता एका उलट्या क्रेटवर मटकन बसली. तोंडावर ओढणी घेतली आणि रडायला लागली. सगळ्यांना वाटलं, टाकी गेली म्हणून रडते. ती काय म्हणाली ऐका!

"मला आला होता वास, काका. चार दिवसांपासनं येत होता. नेलपॉलिशसारखा. पण तुम्ही उत्तम म्हणालात — मला वाटलं, माझंच नाक खोटं. मला वाटलं, मला काहीच येत नाही, उगीच नानांची बाग तोडली."

अरेरे! मंडळी, टाकीचं नुकसान मोजता येईल. पण हे? मोठ्या माणसानं सोंग केलं, आणि लहान माणसानं आपल्या खऱ्या नाकावरचा विश्वास गमावला! साहेबांना हे पाटाच्या कडेलासुद्धा कळलं नव्हतं. ते आत्ता कळलं.

नाना पुढं आले. बोलले. रागानं नाही, पण असं बोलले की राग परवडला असता. "साहेब, 'मला येत नाही' एवढं सकाळी म्हणाला असतात, तर मी माझ्या सुनेला विचारलं असतं."

आणि निघून गेले घरात.

शेडमध्ये राहिले चौघं. वत्सलाबाई योगिताजवळ बसल्या. डोळे पुसले तिचे. म्हणाल्या, "ऊठ बाई. दे तो पेला इकडं. घ्यायची नाही मी, नुसती हुंगते. देव काही माझ्या नाकावर रागवायचा नाही." दोघी टाक्यांपाशी गेल्या. पहिल्या टाकीतली वाईन हुंगली — दोघींनी एकदम मान हलवली. गेली ती. दुसऱ्या टाकीतली हुंगली. बाई म्हणाल्या, "हे चांगलं आहे गं." योगितानं परत परत हुंगलं. तिचा अजून स्वतःवर भरवसा बसेना.

तेव्हा साहेब भीत भीत पुढं आले. म्हणाले, "काय आठवतं ते सांग. चूक-बरोबर नको. नुसतं आठवतं ते."

ती म्हणाली, "करवंदं. माहेरी डोंगरावर जाळ्या होत्या. उन्हात तापलेली करवंदं… आणि आजोबांची तंबाखूची चंची."

साहेबांचा चेहरा उजळला! "चंची? चामड्याची?"

"हो, चामड्याची."

"तेच! चामडं आहे त्यात. चांगल्या शिराज द्राक्षाला येतो तो वास. पोरी, हे ओळखायला मला सहा वर्षं लागली होती!" आणि साहेब एकेक विचारत गेले, ती सांगत गेली.

इतक्यात नाना परत आले. हातात कपबशांचा ट्रे. सगळ्यांना चहा दिला. साहेबांपुढं थांबले.

"चहाचाही वास येत नसेल?"

"नाही, नाना."

"म्हणून तुमच्यात आलं दुप्पट घातलंय. जिभेला तरी कळेल."

काय म्हणावं, मंडळी, या माणसाला? ज्याची टाकी गेली, तो आलं किसत बसला होता!

आता तुम्ही वाट बघताय चमत्काराची. साहेबांनी खरं सांगितलं, देव प्रसन्न झाला, वास परत आला! — नाही आला. आजतागायत नाही. साहेब त्या हिवाळ्यात उरलेल्या दहाही घरी गेले आणि प्रत्येक दारात सांगितलं, "मी खोटं बोललो होतो." कुणी पाणी दिलं, कुणी दार लावून घेतलं. एकानं तर फाटकातनंच परत पाठवलं. साहेबांनी ते सोसलं. बिघडलेल्या टाकीचा योगितानं शिरका, म्हणजे व्हिनेगर, केला. आणि चांगल्या टाकीतल्या बाटल्या जेव्हा लोक घ्यायला आले, तेव्हा साहेब तिथंच खुर्ची टाकून बसलेले. कुणीतरी ओळखलं. पेला पुढं केला — "साहेब, तुम्ही सांगा, कशी आहे?"

साहेबांनी पेला हातात घेतला, आणि तो तसाच योगिताच्या हातात दिला. म्हणाले, "माझं नाक गेलंय. हिचं शाबूत आहे. हिला विचारा."

आणि मंडळी, ती पोरगी बोलली. सगळ्यांच्या देखत, मान वर करून बोलली. नाना मागं उभे राहून ऐकत होते, आणि वत्सलाबाई नवऱ्याकडं बघत होत्या. लग्नानंतर इतक्या कौतुकानं बघितलं नसेल!

आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही म्हणाल, बुवा, आमच्याकडं ना टाकी, ना पिंप. अहो, घर आहे ना? त्या घरात कुणीतरी आहे, ज्याला बरोबर वास येतोय. व्यवहार बिघडल्याचा, पोराचं मन आंबल्याचा. त्याला कळतंय. पण तुम्ही मोठे! तुम्ही डोळे मिटून "उत्तम" म्हणालात, आणि ते माणूस गप्प बसलं. वर स्वतःलाच खोटं समजायला लागलं.

कोण आहे ते? आठवलं? चेहरा डोळ्यापुढं आला?

मग नाव घेऊ, आरती करू, प्रसाद घेऊ. आणि घरी गेल्यावर दिवा मालवायच्या आधी त्या माणसाजवळ जाऊन बसा. म्हणा, "मला हे कळत नाही. तुला काय वाटतं?"

एवढंच म्हणा. आणि ते बोलेपर्यंत — मध्ये बोलू नका.